यमुताईंची तांबू आणि मी लिहिलेली ओळ

मंडळी, यमुताईंच्या अंगणात आपण जमलो आहोत, आणि ‘बसा, पाणी घ्या’ म्हणायला त्या नाहीत. मला बोलायला लावू नका, असं मी सांगितलं होतं. माझं अर्धं लक्ष मागच्या गोठ्याकडे आहे. रागावू नका, मी मुळातच काळजीखोर माणूस.

यमुताईंचे यजमान रेल्वेत, इथं कलकत्त्याला गार्डन रीचमध्ये होते. ते गेल्यावर सगळे म्हणाले, आता देशी परत जा. त्या बालीगंजच्या या घरातच राहिल्या आणि त्यांनी गाय घेतली, तांबू. आपल्या बारा मराठी घरांत कुणाचं मूल आजारी पडो, कुणी बाळंतीण होवो, यमुताईंची दुधाची चरवी दारात हजर. वसुबारसेला आपल्या बायकांनी या कलकत्त्यात गायवासरू शोधलं तरी कुठं असतं?

मग चैत्रात महापालिकेच्या कचेरीची नोटीस आली. राहत्या घरी घरापुरती एक गाय ठेवता येते. पण दूध विकायचं नाही, कशाच्या बदल्यात द्यायचंही नाही. दिलं, की तो धंद्याचा गोठा; आणि धंद्याचा गोठा वस्तीत चालत नाही.

किती पेटलो होतो आपण, आठवतं ना? अर्ज मी लिहिला. बँकेत जन्म गेला, इंग्रजी बरं लिहितो म्हणून. बाराही घरांनी सह्या केल्या. मी लिहिलं, या बाई दूध देतात, घेत काही नाहीत. तिथंच थांबलो असतो तर! पण मला वाटलं, साहेबानं आपल्याला फुकटे समजू नये. म्हणून पुढं लिहिलं, आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत. तांदूळ, गूळ, दोन लाडू, काहीतरी घालूनच पाठवतो.

कचेरीतल्या साहेबांनी त्याच ओळीखाली लाल रेघ मारली. म्हणाले, “ये तो लेन-देन हुआ, दादा.”

रीत आहे साहेब, रीत, मी म्हटलं. त्यांनी विचारलं, बाराही घरांची? अर्जावर सह्या आपल्याच.

तुम्हाला हे आज कळतंय. यमुताईंना त्याच दिवशी कळलं. मी त्यांचे पाय धरायला गेलो. त्या म्हणाल्या, “पेंडसे, खोटं थोडंच लिहिलंत? पण बायकांना सांगू नका हं. आपणच भांडं भरून पाठवलं म्हणून जन्मभर मनाला लावून घेतील. मी बघते काय ते.”

आणि वैशाखाच्या उन्हात त्या तीनदा ट्रामनं कचेरीत गेल्या. मंगळवारी तिसऱ्यांदा परतल्या, तांबूला पाणी पाजलं, ओसरीवर टेकल्या. त्या उठल्याच नाहीत. डॉक्टर हृदय म्हणाले. मला मात्र माझी ओळ दिसते. डोळे मिटले तरी दिसते.

आता नीट ऐका. गाय शहराच्या हद्दीबाहेर न्यायची कचेरीनं दिलेली मुदत उद्या सकाळी दहाला संपते. मग गाडी येईल आणि तांबूला कोंडवाड्यात नेईल. ती गाभण आहे, दिवस भरलेत. कोंडवाड्यात तिचं काय होईल, याचा विचारसुद्धा करवत नाही. बेहाला हद्दीबाहेर आहे. तिथं एक ओळखीचा गवळी तिला ठेवून घ्यायला तयार आहे. पण लॉरीत चढवू नका, असं गुरांचे डॉक्टर सांगून गेलेत. चालवतच न्यायला हवी, बेतानं, ट्रामच्या रस्त्यानं. वाटेत बुजली तर? वाटेतच व्याली तर? हे एकट्याचं काम नाही. मी पहाटे पाचला इथं येतो. चार माणसं तरी हवीत. कृपा करून ‘बघू’ म्हणू नका.

आता दोन मिनिटं उभे राहू या. काही बोलायचं नाही.

…

यमुताई, सांगू नका म्हणालात, आणि मी सांगून टाकलं. सांगितलं नसतं तर ही सगळी भली माणसं हळहळत घरी गेली असती आणि पहाटे दोर धरायला मी एकटाच उरलो असतो. आताही कितीजण येतील, ठाऊक नाही. तुमचा शब्द मोडला, तेवढं पोटात घाला. नमस्कार करतो.