बाबांच्या टकलावरचा लाल उजेड

—छे हो काकू, दुखत नाही असं जे सांगतात ना, त्यांनाच आधी झोपवा म्हणावं त्या दिव्याखाली. मी खरं ते सांगतो. आता तुमच्या गालावर पट्टी आहे, खाली मलम मुरतंय—तीन तास सांगितलेत ना? तोवर काही नाही. मग आत घेतील, डोळ्यांवर काळा चष्मा, वर लाल दिवा, नऊ-दहा मिनिटं—मलम मुरलेली खराब कातडी त्या उजेडानं जळते. मुंग्या डसल्यासारखं होतं. पंखा लावतात, गार पाणी फवारतात, पण मधेच दिवा बंद केला की सगळं फुकट. आत्ता आत आमचे वडील आहेत. टकलावर खरखरीत चट्टे—तीस वर्षं रस्त्यांची मापं घेत उन्हात उभे, आणि टोपी घालायची म्हणे लाज! डॉक्टर म्हणाले, सोडून दिलं तर यातल्या एखाद्याचा कॅन्सर होऊ शकतो. काही चट्टे उरले, म्हणून ही दुसरी खेप.

आणि नंतरचं ऐका. मलमानं कातडी उजेडाला हळवी झालेली असते, म्हणून दोन दिवस ऊन नाही, खिडकीतलंसुद्धा नाही. मग खपल्या. शी! उशीवर, चहाच्या कपात, माझ्या टॉवेलवर—माणूस नुसता सोलून निघतो. ओकारी यायची मला. गेल्या खेपेला तर डोकं फुगलं, पिवळं पाणी गळायला लागलं—कारण दुसऱ्याच दिवशी भर दुपारी हा माणूस बाहेर पडला. कशाला? दुखण्याच्या गोळ्या आणायला. घरात कोणी नव्हतं का? होतं की. मी होतो. कॉलेज सोडल्यापासून मी घरातच असतो, हे ते रोज ऐकवतात, त्या दिवशीही ऐकवलं—"रिकामटेकड्या, गोळ्या तरी आण." मीही म्हटलं, तीस वर्षं उन्हात काढलीत ना, दहा मिनिटांत काय वितळताय? गेले. डोक्यावर रुमालसुद्धा न घेता. हट्टी म्हातारा! डॉक्टरांना मी तेच सांगितलं, ऐकतच नाहीत हो. बाबा शेजारीच बसलेले. वाटलं, आता माझंच नाव सांगतात. तर मान खाली घालून म्हणाले, हो, चुकलं माझं.

किळस? खपल्यांची येते, दुसऱ्या कोणाची येणार? असं काय बघताय—

थांबा. ऐकलंत? "बंद करा" म्हणतायत. चार मिनिटंही झाली नसतील. —सिस्टर, दिवा बंद करू नका! मी येतोय आत, धरतो त्यांना. —पाय जरा बाजूला घ्या काकू. आणि माझं काही मनावर घेऊ नका, मी वाट्टेल ते बोलतो. घ्या ना पाय!