चुन्याची घाणी ओढणारी माणसं

जमलेल्या बंधू-भगिनींनो, आणि वडगाव रासाईहून एवढ्या उन्हातनं आलेले बाबूआबा,

सुशीलाबाई गेल्या, हे वाक्य अजून माझ्या तोंडून नीट निघत नाही. मी तुमच्या चर्चच्या मंडळीतली नाही. शाळेत आम्ही दोघी शेजारशेजारच्या वर्गांवर शिकवायचो. बाई हळू बोलायच्या, पण मागं हटायच्या नाहीत.

आपण बसलोय त्या दगडी चर्चचं छप्पर एका पावसाळ्यात खचलं. कमिटीनं ठरवलं, सगळंच पाडू, नवी इमारत बांधू. त्यांचंही काय चुकलं? लेकरं गळक्या छपराखाली बसत होती. बाई उठल्या. म्हणाल्या, "छप्पर बदला. भिंती कुणी बांधल्या, ते मात्र आधी मला शोधू द्या."

चर्चचं जुनं दप्तर बाईच सांभाळायच्या. त्यात मिशनरी साहेबाचं नाव होतं. घंटा कुठून आली, ते होतं. पण दगड कुणी वाहिले? चुना कुणी मळला? एक अक्षर नव्हतं.

मग बाई निघाल्या. पिशवीत टेपरेकॉर्डर घालून, एसटीनं. न्हावरे, वरवंड, जिथं म्हातारं माणूस भेटेल तिथं. सोबत मी. त्यांचे गुडघे दुखायचे. मी म्हणायची, "बाई, बास आता." त्या म्हणायच्या, "विमल, ही माणसं गेल्यावर कुणाला विचारू?"

वडगाव रासाईत आबा भेटले. धनगराचं घर. आबा, तुमचं बोलणं मला पाठ आहे.

"बाई, मोठ्या दुष्काळात आमची मेंढरं मेली. आजा-आजी पोटासाठी शिरूरला तुमच्या चर्चाच्या कामावर गेली. चुन्याची घाणी व्हती, पर बैल जित्ता कुठं व्हता? मंग माणसंच जुपली. माझी आजी, गंगू, पोटुशी व्हती. तिनं बी घाणी वढली."

बाईंनी विचारलं, "आबा, त्या चर्चात कधी गेलात?"

"न्हाई. आमाला कोन बोलावनार?"

पुढच्या सभेत बाईंनी भाषण केलं नाही. टेप लावला आणि बसल्या. गंगूचं नाव इथं पहिल्यांदा उच्चारलं गेलं. टेप संपल्यावर कमिटीचे अध्यक्षच म्हणाले, "भिंती राहतील."

भिंती राहिल्या. त्या नाताळला बाई स्वतः जाऊन आबांना बोलावून आल्या. आबा सगळं घर घेऊन आले. भिंतीला हात लावला आणि रडले. बाईंनाही मी तेव्हाच रडताना पाहिलं. एकदाच.

बाईंचं काम अर्धं राहिलं, असं कुणी म्हणू नका. राहिलेल्या गावांना येत्या सुट्टीत मी जाणार आहे. सोबत कोण येतंय?

आता आपण उभे राहू या. आबा, तुम्ही बसूनच राहा. दोन मिनिटं कुणी बोलू नका.

बाई, तुमच्या मंडळीत एकमेकांना म्हणतात तसं म्हणते. सलाम.