पियानो थांबला तेव्हा

डोरीन : ...आणि फोटो कुठला छापू ते सांग. लग्नातला नको, त्यात तुझ्यापेक्षा टोपीच मोठी दिसते.

सेल्मा : काहीच छापू नकोस म्हणते ना मी.

डोरीन : वा गं! क्लॅरिनेटवाल्या मिल्टनचं छापलं, डफवाल्या शीराचं छापलं. आपल्या सिनेगॉगात वादक मोजून तीन. पियानोवालीलाच गाळलं तर लोक म्हणतील, डोरीन झेलिक आणि सेल्मा रोटबार्टचं भांडण झालंय.

सेल्मा : मिल्टनचं वाचलं मी. वादकाची ओळख कमी आणि दातांच्या दवाखान्याची जाहिरातच जास्त.

डोरीन : म्हणून तर तुझं नीट लिहायचंय. पत्रकाचं पहिलं पान राखून ठेवलंय. आज प्रार्थनेनंतर रब्बी तुला सगळ्यांसमोर उभं करणार आहेत. मथळासुद्धा ठरलाय. ‘जिने आपल्याला वाचवलं.’

सेल्मा : डोरीन, दार लावलंस का?

डोरीन : लावलं. दोनदा ओढून बघितलं.

सेल्मा : आणि मागचं, स्वयंपाकघराचं?

डोरीन : तेही लावलं. आत्ता तीन वाजलेत, पहारेकरी पाचला येतो. तोवर आपण दोघी आणि संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी आणलेले बारा वेणीपाव. दुसरं कुणी नाही इथे.

सेल्मा : काहीतरी पडलं बाहेर.

डोरीन : छपरावरचा बर्फ घसरला गं. मीही दाराकडे बघितलं, पण बर्फच तो. चल, कामाला लागू. किती वर्षं वाजवतेस इथे?

सेल्मा : एक्केचाळीस. डॅनी पोटात होता तेव्हा बसले पहिल्यांदा. माझे वडील असते तर माझं तोंड बघितलं नसतं त्यांनी. शब्बाथला वाद्याला हात लावायचा नाही, अशा घरातली मी.

डोरीन : हे छान आहे, घेते. आता मागच्या शुक्रवारचं. मी लिहूनच आणलंय. वाचते, चुकलं तर अडव. ‘शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणारा आपला विश्रांतीचा पवित्र दिवस, शब्बाथ, म्हणजे नवरी. तिच्या स्वागताच्या गाण्याचं शेवटचं कडवं आलं की आपण सगळे उठतो आणि दाराकडे तोंड करून वाकतो. त्या कडव्याला क्लॅरिनेट आणि डफ गप्प होतात, फक्त सेल्माचा पियानो चालू राहतो.’

सेल्मा : हे कुणाला सांगतेस? पोराटोरांना ठाऊक आहे.

डोरीन : पत्रक मिनियापोलिसला माझ्या भाच्यालाही जातं. त्याला देवाचं काही म्हणता काही ठाऊक नाही. पुढे ऐक. ‘सप्टेंबरात ते धमकीचं पत्र आलं आणि नियम झाला. इतर वेळी लोकांची पाठ दाराकडे असते, पण पियानोवालीला दार समोर दिसतं. तिला काही वावगं दिसलं तर तिने वाजवणं मध्येच थांबवायचं. पियानो थांबला की सगळ्यांनी बाकांखाली.’

सेल्मा : बटण बसवलं होतं ना आधी? पोलिसांना बोलवायचं?

डोरीन : ते रब्बींच्या गुडघ्याने दोनदा दाबलं गेलं. दोनदा गाड्या आल्या, तिसऱ्यांदा म्हणे येणार नाहीत. म्हणून तर पियानो.

सेल्मा : त्या नियमापासून मला श्वास घ्यायची चोरी झालीय. पान उलटायला हात उचलला तरी पहिल्या बाकावरचे लोक माझ्या बोटांकडे बघतात. मी वाजवत नाही डोरीन, मी पहारा देते.

डोरीन : आणि दिलास की! तुझ्यामुळे बसलेय मी आज इथे. बरं, तो माणूस. आधी काय दिसलं तुला, चेहरा की कोट?

सेल्मा : कोट.

डोरीन : रंग?

सेल्मा : काळा.

डोरीन : पोलिसांना तू तपकिरी सांगितलास.

सेल्मा : मग तपकिरी.

डोरीन : उंच होता की ठेंगणा?

सेल्मा : जरा पाणी देतेस?

डोरीन : सेल्मा, सव्वीस वर्षं मी कोर्टात साक्षी उतरवून घेतल्या. खरं बोलणाऱ्याला तहान लागत नाही असं नाही. पण उंच की ठेंगणा एवढं विचारल्यावर पाणी मागतो तो...

सेल्मा : मी माणूस पाहिलाच नाही.

डोरीन : म्हणजे?

सेल्मा : म्हणजे नाही पाहिला. मी दाराकडे बघतच नव्हते. मी पट्ट्यांकडे बघत होते. पुढचा सूर कुठला, ते आठवेना मला.

डोरीन : काय?

सेल्मा : विसरले गं. तिसरी ओळ. हात तसेच वर राहिले. मग किंचाळ्या ऐकू आल्या. मान वर केली तर समोर कुणी उभंच नव्हतं, सगळे खाली.

डोरीन : चेष्टा करू नकोस. दोन हजार वेळा वाजवलंयस ते कडवं. बस तिथे. वाजवून दाखव.

(सेल्मा पियानोशी बसते. शेवटचं कडवं सुरू करते. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर बोटं थांबतात.)

डोरीन : पुढे.

सेल्मा : नाही.

डोरीन : मी गुणगुणते, तू माझ्यामागून ये.

सेल्मा : येईन. आणि उद्या पुन्हा जाईल. ऑक्टोबरात डॉक्टरांनी स्मरणशक्ती तपासायला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. अकरा वाजून दहा मिनिटं. मला काटे कुठे लावायचे ते कळेना. गेल्या महिन्यात दुकानातून घरी यायला दोन तास लागले. सहा गल्ल्यांचा रस्ता तो.

डोरीन : कुणाला बोलली नाहीस.

सेल्मा : बोलले तर सून मला फिनिक्सला त्यांच्याकडे नेऊन ठेवील. आणि पियानो? त्यापुढे मला काही सुचतच नाही. मला भीती वाटते डोरीन. दिवसभर वाटते.

डोरीन : तुला भीती वाटते! आणि आम्हाला? बाकाखाली शिरताना ब्लुमाचं मनगट मोडलं. शीराची पोर अजून टेबलाखाली बसून जेवते. मी सात रात्री दिवा लावून झोपतेय, न्हाणीघरात जाताना फोन बरोबर नेतेय. आणि तू म्हणतेस, सूर विसरला!

सेल्मा : ओरड. ओरडायलाच हवं.

डोरीन : त्याच वेळी का नाही सांगितलंस?

सेल्मा : कशी सांगणार? सगळे रडत गळ्यात पडत होते. तू माझ्या हातांचे मुके घेत होतीस. कुणीतरी विचारलं, ‘तो तपकिरी कोटवाला पाहिलास ना तू?’ मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी कोट विचारला, तेव्हा ऐकलेलाच रंग सांगितला.

डोरीन : आणि तो माणूस?

सेल्मा : म्हणजे होता खरंच कुणी?

डोरीन : होता. त्याच वेळेला दार उघडून आत आला होता. आम्ही सगळे दाराकडे तोंड करून, पियानो गप्प, आणि समोर हा, खिशात हात घातलेला. पळाला तो. गाडीचा नंबर कुणीतरी घेतला. सोमवारी पोलिसांनी चार तास बसवून ठेवलं त्याला. काही सापडलं नाही, सोडून दिलं. पण पहारेकऱ्याच्या टेबलावर त्याचा फोटो लावलाय. आत घ्यायचं नाही म्हणून.

सेल्मा : कोण आहे?

डोरीन : लायल विटकिन. बंदरावर जहाजांची इंजिनं दुरुस्त करतो.

सेल्मा : विटकिन? म्हणजे आपल्यातलाच, ज्यू?

डोरीन : आपल्यातलाच. आई वारली त्याची. तिच्या नावाने प्रार्थना म्हणायची होती. ती एकट्याने म्हणता येत नाही, दहा जण लागतात. दहा जण मिळायची जागा या गावात एवढी एकच.

सेल्मा : हे सगळं तुला कसं ठाऊक?

डोरीन : कार्यालयात त्याचा दोनदा फोन आला. मीच घेतला. समितीने सांगितलं, चौकशी पुरी होईतो येऊ नका म्हणावं. मी तसंच सांगितलं.

सेल्मा : आणि मला सांगितलं नाहीस.

डोरीन : तुझा मथळा ठरला होता ना.

सेल्मा : त्याच्या हातात काही होतं का? खरं सांग.

डोरीन : मी पोलिसांना सांगितलं, काळं काहीतरी होतं.

सेल्मा : ते झालं पोलिसांचं. मी तुला विचारतेय.

डोरीन : टोपी असेल. प्रार्थनेची.

सेल्मा : असेल?

डोरीन : टोपीच होती. घडी घातलेली. उलगडत होता. बाकाखाली जायच्या आधी पाहिली मी.

सेल्मा : डोरीन!

डोरीन : काळी टोपी म्हणजे काळं काहीतरीच ना? एक अक्षर खोटं नाही बोलले मी! ऐंशी माणसं बाकाखाली होती, सेल्मा. मला वाटलं, ऐंशी माणसं उगाच कशी खाली जातील? तू थांबलीस म्हणजे तू काहीतरी पाहिलं असणार. मग मी जे पाहिलं तेच मला पटेना.

सेल्मा : आणि मी तुमच्या किंचाळ्या ऐकल्या. म्हटलं, यांनी काहीतरी पाहिलं असणार.

डोरीन : चांगल्या सापडलो दोघी.

सेल्मा : लाव त्याला फोन.

डोरीन : वेडी आहेस का? आधी समितीला सांगू. रीतसर होऊ दे. मंगळवारी बैठक आहे.

सेल्मा : मंगळवारपर्यंत मी विसरेन.

डोरीन : एवढं मोठं कुणी विसरतं का?

सेल्मा : ऐक ना. काल सकाळपासून तो मला दिसायला लागलाय. कोट दिसतो. खिशातला हात दिसतो. लोक इतक्यांदा सांगतात की मला ते आठवतंय असंच वाटतं. सूर विसरल्याचं पुसट होत चाललंय आणि तो माणूस ठळक. आज मला खरं काय ते ठाऊक आहे. मंगळवारी मी शपथेवर सांगेन की त्याला पाहिला, आणि मला ते खरंच वाटत असेल. याच्याइतकी भीती मला त्या पत्राचीही वाटली नव्हती.

डोरीन : थांब. थांब, रडू नकोस. नंबर आहे माझ्या वहीत. स्पीकरवर टाकते. पण बोलायचं तू.

लायल : हॅलो? कोण?

सेल्मा : मिस्टर विटकिन? मी सेल्मा रोटबार्ट. सिनेगॉगात पियानो वाजवते.

लायल : मी घरी आहे. सोमवारनंतर त्या रस्त्यानेही गेलो नाही. पोलिसांना विचारा हवं तर.

सेल्मा : तसं नाही. तुमची काही चूक नाही. मी त्या दिवशी थांबले ती तुम्हाला बघून नाही. मी वाजवायचं विसरले. म्हातारी झालेय, विसरते. आमच्याकडे पियानो थांबला की लपायचं असं ठरलंय, म्हणून लोक लपले. ऐकताय ना?

लायल : म्हणजे मी काहीच केलं नव्हतं?

सेल्मा : काहीच नाही.

लायल : मी आठवडाभर तेच शोधतोय, बाई. आरशासमोर कोट घालून उभा राहिलो. खिशात हात घालताना मी कसा दिसतो ते बघत होतो. माझ्या चेहऱ्यातच काही आहे का, बघत होतो.

डोरीन : मिस्टर विटकिन, मी डोरीन झेलिक. कार्यालयातली. तुमच्या हातात टोपी होती. मी पाहिली होती आणि पोलिसांना तसं सांगितलं नाही. आज सांगते. लेखी देते.

लायल : वडिलांची होती ती. पळताना पडली बर्फात.

सेल्मा : आज या. सहाला.

लायल : नको. तुम्ही फोन केलात, उपकार झाले. पण तो आवाज... एवढी माणसं एकदम किंचाळली ना, मी गाडीपाशी जाऊन पडलोच. आईचं मी घरीच म्हणेन.

सेल्मा : घरी एकट्याने ते होत नाही.

लायल : ठाऊक आहे मला. पण पियानो परत थांबला तर?

सेल्मा : आज पियानो वाजणारच नाही. तोंडाने म्हणतील लोक. त्या कडव्याला मी दारात उभी राहीन, तुमच्या शेजारी. सगळे तोंड वळवतील तेव्हा तुमच्याबरोबर मीही दिसेन. मग सांगेन त्यांना.

डोरीन : सगळ्यांसमोर? घड्याळाचंही?

सेल्मा : घड्याळाचंही.

डोरीन : तेवढा वेळ उभं राहवेल तुला?

सेल्मा : दाराला धरून उभी राहीन.

डोरीन : पहारेकऱ्याच्या टेबलावरचा फोटो मी आत्ताच काढून टाकते. समितीला काय म्हणायचं ते म्हणू दे. तुमची टोपीही बघते बाहेर. नाहीच मिळाली तर माझ्या नवऱ्याची आहे, ती घ्या.

लायल : माझ्याकडे दुसरा कोट नाही. तोच घालून यावा लागेल.

सेल्मा : तोच घाला.

लायल : लोक बघतील.

सेल्मा : बघू देत. आधी मला बघतील, मग तुम्हाला.

लायल : बरं. पावणेसहाला येतो. पायरीपाशी थांबेन, आत नाही येणार. तुम्ही दारात आलात की मला ओळखालच.

सेल्मा : नाही ओळखणार, मिस्टर विटकिन. मी तुम्हाला अजून पाहिलेलंच नाही. तुम्हीच मला हाक मारा.