रेफरी माह्याच बाजूनं पळते

रेफरीले शिव्या देऊ नको म्हणता? ऐका मंग.

चार-पाच वर्षांआधीची गोष्ट. आमची सौंसरची फुटबॉल टीम पांढुर्ण्याले खेळत होती अन् मी एकटाच ओरडून राहिलो होतो, "फॉरवर्ड झोपला! मॅनेजर, बदल त्याले! रेफरी, डोळे घरी ठेवले का बे?"

हरलो. चिडलेल्या मॅनेजरनं मले टीमच्या ट्रॉलीत बसूच देल्लं नाही. बस स्टँडवर गेलो, तं बाकावर थोच रेफरी एकटा बसून.

म्हटलं, "लय बोललो. राग आला?"

"नाही जी. बायको गेल्यापासून घरात कोणी बोलतच नाही. आज दिवसभर तुम्हीच तं बोलले."

माह्या घरी तरी कोण बोलते? तवापासून त्याची एकही मॅच सोडली नाही. मी लायनीपाशी उभा राहून शिव्या घालतो, अन् बॉल पलीकडे असला तरी थो माह्याच बाजूनं पळते.