बिनतारेचा खांब

दिवेवाला : हप्ता आणखी कमी करतो, आजोबा. उन्हावर चालणारा हा नमुन्याचा दिवा आठवडाभर तुमच्या घरात ठेवला. उजेड आवडला नाही, असं तर म्हणणार नाही ना?

सासरा : मी पाहिलाच नाही. टोपलीखाली झाकून ठेवला होता.

दिवेवाला : अहो, कोंबडी आहे का ती?

सून : खरंच सांगतायत, भाऊ. मी काढायचे, मामंजी पुन्हा झाकायचे.

दिवेवाला : घासलेटाला जातात तेवढ्याच पैशांत होतंय. मग घोडं अडलंय कुठं?

सासरा : अंगणात काय दिसतं?

दिवेवाला : विजेचा खांब. बिनतारेचा.

सासरा : तार येणार आहे.

दिवेवाला : सगळ्या वस्तीत हेच ऐकतोय. कधी रोवला हा?

सून : मुलगी पोटात होती तेव्हा. आता शाळेत जाते.

सासरा : आम्ही घरोघरी तुझे दिवे लावले, की साहेब म्हणतील, यांना उजेड आहे, तार कशाला? मग हा खांब गुरं बांधायला.

दिवेवाला : बांधा की. खांबच तो.

सून : तसं बोलू नका, भाऊ. यावरनंच पडून आमचं माणूस गेलं.

सासरा : माझा लेक. खांब उभारायच्या कामावर रोजानं जायचा. स्वतःच्या दारातला म्हणून हौसेनं चढला. म्हणाला, बाबा, पहिला दिवा आपल्याकडे लागेल.

दिवेवाला : मला ठाऊक नव्हतं. चुकलो, आजोबा.

सासरा : तारच आली नाही, तर माझा पोरगा कशापायी गेला? सांग ना.

सून : मामंजी, परवा चिमणी कलंडली. पोरीची गोधडी पेटली. तुम्हीच हातांनी विझवलीत.

(सासरा दोन्ही हात पाठीमागे घेतो.)

सून : ते गेले. आता पोरीला काही झालं तर मी जगायची नाही. शिलाईचे पैसे आहेत माझ्याकडे, दिवा मी घेईन. पण तुम्ही रोज झाकणार असाल, तर घेऊन करू काय?

सासरा : ...ती काळी पाटी कुठं बसवतात रे?

दिवेवाला : छपरावर. पण तुमच्या छपरावर दिवसभर झाडाची सावली.

सासरा : मग ऊन कुठं लागतं?

दिवेवाला : कसं सांगू... त्या खांबावर.

सून : नको, भाऊ. झाड तोडू आपण.

सासरा : झाड राहू दे, सूनबाई. माजघरातली शिडी आण.

दिवेवाला : आज जोडीदार आला नाही, आजोबा. उद्या येतो.

सासरा : तोही असाच एकटा चढला होता. खाली कोणी नव्हतं.

सून : मामंजी, हाताला फोड आलेत तुमच्या.

सासरा : असू देत. चढ तू सावकाश. शिडी मी धरतो.