अर्धं राहिलेलं वाळवण

मुलुंडच्या प्राण्यांच्या दवाखान्यात मी मांजर घेऊन बसलो होतो. एक जोडपं खोक्यात पाणकावळा घेऊन आलं.

"डॉक्टर, याचे दोन्ही पंख मोडलेत! तलावाकाठी पसरून बसला होता, मिटतच नव्हता."

"अहो ताई, तो पंख वाळवत होता."

"पाण्यातल्या पक्ष्याचे पंख भिजतात?"

"याचे भिजतात, म्हणून तर माशामागे सहज बुडी मारता येते. शिवाय चोचीला आकडा आहे. पकडलेला मासा निसटत नाही."

"माझं बोटपण नाही निसटलं, डॉक्टर."

"हर्षद, तू गप रे! म्हणजे याला काहीच झालेलं नाही?"

"ठणठणीत आहे."

"अरे देवा! हर्षद, उचल खोकं. ऊन आहे तोवर तिथेच सोडून येऊ. बिचाऱ्याचं वाळवण अर्धंच राहिलंय."