दांडीची निवड

जमलेल्या बंधू-भगिनींनो, आणि दिनकरचे धाकटे बंधू भागवत,

आज मला बोलणे जमेल, असे वाटत नव्हते. परवा बांधावरून भांडणाऱ्या दोघांना सोडवायला गेलेल्या दिनकरला चौघांनी लोखंडी गजांनी ठेचले. अंत्यदर्शनाला त्याचा चेहरा उघडता आला नाही. हे मी सौम्य शब्दांत सांगणार नाही.

माझ्या हार्डवेअरच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही दोघे वर्षानुवर्षे डार्ट खेळलो. पोलादी टोक, पितळी अंग, मागे दांडी, दांडीला पंख. दिनकर टोक तेच ठेवी, पंख तेच ठेवी. फक्त दांडी बदली. आखूड, मध्यम, लांब. प्रत्येकीने दहा फेकी. मग फळ्याजवळ जाऊन डार्ट कोणत्या कलाने रुतला, ते पाही. असा काटेकोर मित्र मला दुसरा मिळाला नाही.

एकदा मी सलग हरलो. तो हसला. "दांडी बरोबर हाय बे, बिघडलाय त्यो तुजा हात."

मी डार्ट त्याच्या तोंडावर फेकला. होय, मीच. डोळ्यावर नेम धरून.

तो गालात रुतला. दिनकरने तो उपटला. रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर आले. त्याने आधी दांडी पाहिली. म्हणाला, "बघ, म्हनत होतो ना, ही दांडी तुला जमत न्हाई. दोन बोटं खाली लागला." मग तोच डार्ट माझ्या हातात ठेवला. "घे. आता फळ्यावर मार."

मी मारला. फळासुद्धा चुकला.

घरी बायकोला त्याने खिळा लागल्याचे सांगितले. वहिनी, तो खिळा नव्हता.

आणि भागवत, आज सकाळी तू दुकानात आलास. "अण्णा, कुऱ्हाडीला दांडा द्या. लई मजबूत पायजे." मी काय विचारले? "किती लांब?" कशासाठी, हे विचारले नाही. बाभळीचे चार दांडे काढले, तुझ्या हाताच्या मापाचा निवडून दिला. आयुष्यभर मापे बरोबर घेणाऱ्या माणसाची ही चूक आहे.

तो दांडा आता तुझ्या मांडीवर आहे. सगळ्यांना दिसतो आहे. ते चौघे कोठडीत आहेत. त्यांची घरे, लेकरे मात्र गावातच आहेत. तुला कुठे जायचे आहे, हे मला कळते. तो राग मला परका नाही. पण तुझ्या भावाने रक्ताळल्या गालाने मला माघारी आणले. तुला आणायला आज तो नाही. म्हणून मी उभा आहे.

आपण दोन मिनिटे स्तब्ध उभे राहू. मोकळ्या हातांनी.

भागवत, दांडा दिनकरच्या फोटोपाशी ठेव. तोवर मी मौन सुरू करणार नाही.

मी थांबतो आहे.